मैत्रिणीसाठी आल्याची बिस्किटं

मढहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. हातातलं काम थांबवू नका. मासे साफ करता करता, भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल. फक्त मापं सांगायला लागू तेव्हा कागद-पेन्सिल जवळ असू द्या, नाहीतर लिहिता येणाऱ्या लेकीला शेजारी बसवा.

आज आल्याची बिस्किटं करायची आहेत. ओव्हन नको, बेकरीची भट्टी नको. एक जाड बुडाचं जुनं पातेलं, मीठ, आणि घरातलं पीठ, तूप, गूळ, सुंठ एवढ्यावर होतात. ही बिस्किटं आम्ही विकायला म्हणून शिकलो नाही, एका मैत्रिणीसाठी शिकलो. म्हणून कृतीबरोबर तेही सांगणार आहोत. आजारी माणसाला खाऊ नेताना काय बघायचं, हे आम्हाला त्यातून कळलं, आणि ते कुठल्याही गावच्या बायांच्या कामाचं आहे.

बिस्कीट म्हटलं की आपल्याला दुकानातला पुडा आठवतो. पण घरच्या पिठाची बिस्किटं आपल्या आया-आज्यांना नवी नव्हती. दिवाळीच्या आधी मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बायका जवळच्या पाववाल्याच्या बेकरीत जायच्या. पाव भाजून झाला की भट्टीत जी धग राहायची, तिच्यावर पत्र्यांतून नानकटाई भाजून घ्यायच्या. भाजणावळ द्यायची आणि पत्र्याचे डबे भरून घरी आणायचे. मुंबई-पुण्यात आणि तालुक्याच्या गावांत ही रीत अनेकींनी पाहिली असेल. पीठ, तूप आणि गोड, एवढंच त्या नानकटाईत. आपली आजची बिस्किटं तिचीच बहीण. साखरेच्या जागी गूळ, मैद्याच्या जागी कणीक, आणि वर सुंठ.

मैत्रिणीची गोष्ट

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला कर्करोगाचं निदान झालं. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. मढहून शहरातल्या इस्पितळात जायचं म्हणजे आधी फेरीबोटीनं वर्सोवा, तिथून रिक्षा, मग गाडी. समुद्र खवळलेला असला की मालाडपर्यंत बसनं लांबचा फेरा. सकाळी निघालेली बाई दिवेलागणीला घरी यायची.

ती जन्मभर मासळी विकलेली. पण केमोनंतर तिला मासे तळल्याचा वास सोसेना. मढसारख्या गावात हा वास टाळायचा तरी कुठे? शेजारच्या चुलीवर बोंबील, दारासमोर सुकत घातलेली सुकट. घरची माणसं तिच्या आवडीचं म्हणून कालवण करायची आणि ती तोंडावर पदर धरून पडवीत जाऊन बसायची. वजन उतरत चाललं होतं. इस्पितळातल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी सांगितलं की दिवसातून दोनदा पोटभर जेवण्याचा हट्ट सोडा, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, कोरडं आणि गार खाऊन बघा. गरम अन्नाचा वास वर येतो, गार अन्नाचा तेवढा येत नाही. मळमळणाऱ्या माणसाला हा फरक मोठा असतो.

तिचं आणखी एक दुखणं होतं, ते तिनं फार उशिरा सांगितलं. भेटायला माणसं येत होती. आमच्याकडे दारात आलेल्याला चहा-खाऊ दिल्याशिवाय कोणी पाठवत नाही. आता हिच्या अंगात उभं राहायची ताकद नाही. म्हणून कोणी आलं की ती झोपेचं सोंग घ्यायची. गटाच्या बैठकीला यायचं तर तिनं कधीच सोडलं होतं. दोन महिन्यांची बचत राहिली होती, तिचीही लाज वाटत होती.

तेव्हा आम्ही ठरवलं की पैसे हातात ठेवायचे नाहीत, ते ती घेणार नाही. एक डबा न्यायचा. त्यातलं ती दोन तासांनी एक खाईल, आणि कोणी आलं तर त्याच्यासमोरही तिच्याच घरचा डबा उघडता येईल. पाहुण्याला द्यायला घरात काहीतरी आहे, एवढ्यानंही बाईची मान वर होते.

सुंठ घ्यायची की आलं?

आता कृतीकडे. आधी आल्याचं समजून घेऊ, कारण चव त्याच्यावर आहे.

ताज्या आल्यात बहुतेक पाणीच असतं. पाच किलो आलं वाळवलं तर सुंठ साधारण एक किलो मिळते. बिस्किटात पाणी नको असतं, कारण पाणी राहिलं की बिस्कीट मऊ पडतं आणि लवकर खराब होतं. म्हणून बिस्किटाला सुंठ बरी.

दुसरं, दोन्हींचा तिखटपणा वेगळा. आल्याला झणका देणारा जो अंश असतो, तो आलं वाळताना बदलतो आणि आणखी तिखट होतो. म्हणून चिमूटभर सुंठ घशाला जाणवते. आलं शिजवलं किंवा भाजलं की उलट होतं, तिखटपणा उतरतो आणि गोडसर वास राहतो. भाजल्यावर सुंठेचाही झणका थोडा कमी होतो. तेव्हा कच्चा गोळा चाटून सुंठ कमी-जास्त ठरवू नका. एक बिस्कीट भाजून, गार करून, मग ठरवा.

आपल्या महाराष्ट्रात साताऱ्याकडे आलं भरपूर पिकतं. तिथे ‘माहीम’ नावाची आल्याची जात शेतकऱ्यांमध्ये जुनी आणि माहितीची आहे. बाजारातून अख्खी सुंठ आणा. ती वजनाला हलकी आणि मोडली की कट्‌ आवाज करणारी हवी. किडीची भोकं असलेली घेऊ नका. खलबत्त्यात आधी फोडा, मग मिक्सरमधून काढा आणि बारीक चाळणीनं चाळा. न चाळलेल्या सुंठेतले धागे दातात अडकतात. तयार पूड आणलीत तर छोटी पुडी आणा, उघडी राहिलेली पूड महिन्या-दोन महिन्यांत फिकी पडते.

साहित्य आणि माप

लिहून घ्या. माप वजनाचं सांगतो, कारण वाटी प्रत्येकीची वेगळी असते.

बारीक दळलेली कणीक १७५ ग्रॅम.
बारीक रवा २५ ग्रॅम.
घट्ट तूप १०० ग्रॅम.
किसलेला गूळ १०० ग्रॅम.
सुंठेची पूड दोन छोटे चमचे.
खायचा सोडा पाव छोटा चमचा.
मीठ दोन चिमटी.
वेलची किंवा दालचिनीची पूड अर्धा छोटा चमचा.
दूध एक ते दोन मोठे चमचे, लागलं तरच.

वजनकाटा नसेल तर १५० मिलिलीटरची वाटी धरा. कणीक आणि रवा मिळून सव्वादोन वाट्या, तूप पाऊण वाटीला जरा कमी, किसलेला गूळ एक वाटी. एवढं आठवत नसेल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा: वजनानं दोन भाग पीठ, एक भाग तूप, एक भाग गूळ. अर्धं करायचं असो की चौपट, हेच गणित.

एवढ्यात अठ्ठावीस बिस्किटं होतात. म्हणजे एका बिस्किटात साधारण सात ग्रॅम पीठ, साडेतीन ग्रॅम तूप आणि साडेतीन ग्रॅम गूळ जातो. हा हिशेब पुढे कामाला येणार आहे.

आता कशाचं काय काम, ते बघा. तूप पिठाच्या कणांभोवती बसतं, त्यामुळे पाणी लागून कणकेला चिवटपणा येत नाही. पोळीच्या कणकेला आपण तिंबतो, कारण ती ताणली जायला हवी. बिस्किटाला नेमकं उलट हवं, ते खुसखुशीत तुटायला हवं. म्हणून हा गोळा मळायचा नाही, फक्त एकत्र आणायचा. रव्यानं कुरकुरीतपणा येतो. गुळात थोडी आंबट बाजू असते, ती सोड्याला लागली की बारीक बुडबुडे होतात आणि बिस्कीट हलकं होतं. पण सोडा मापातच. जास्त झाला तर रंग काळपट येतो आणि चव साबणासारखी लागते.

भट्टीऐवजी पातेलं

जाड बुडाचं ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा लोखंडी कढई घ्या, वर घट्ट बसणारं झाकण हवं. बुडाला बोटभर जाड मिठाचा थर पसरा. मीठ नको असेल तर धुऊन कडकडीत वाळवलेली रेती चालते. त्यावर लोखंडी रिंग किंवा तिवई ठेवा आणि त्या रिंगवर ताटली बसेल असं बघा. ताटलीच्या कडेनं बोटभर फट राहायला हवी, म्हणजे गरम हवा वर फिरेल. मिठाचं काम काय? ते धग धरून ठेवतं आणि सगळीकडे सारखी पसरवतं. मीठ नसेल तर बूड एका जागी लाल होतं आणि बिस्किटं खालून करपतात. हेच मीठ गार करून बरणीत भरून ठेवा, पुढच्या वेळी वापरता येतं. फक्त ते स्वयंपाकात घालू नका.

दोन गोष्टी जपा. नॉनस्टिकचं भांडं यासाठी घेऊ नका, कोरडं तापवलं की त्याचा थर खराब होतो. प्रेशर कुकरही कोरडा तापवायला नको. आपलं साधं पातेलं बरं. आणि ज्या कढईत मासे तळता ती यासाठी नको. कितीही घासली तरी वास राहतो, आणि तूप वास फार लवकर ओढून घेतं. आजारी मैत्रिणीसाठी करत असाल तर हे सगळ्यात आधी बघा. आम्ही गटात एक पातेलं आणि दोन ताटल्या फक्त याच कामासाठी बाजूला ठेवल्या आहेत.

कृती

एक. तूप घट्ट असावं, पातळ नको. परातीत तूप आणि गूळ घ्या. गूळ किसून चाळलेला हवा, त्यात खडा राहिला तर तो भाजताना वितळून बिस्किटाला भोक पाडतो आणि ताटलीला चिकटतो. हाताच्या तळव्यानं तूप-गूळ एकाच दिशेनं सात-आठ मिनिटं फेटा. रंग फिका होतो आणि हाताला हलकं लागतं. या फेटण्यातच हवा भरली जाते, घाई करू नका.

दोन. कणीक, रवा, सुंठ, सोडा, मीठ, वेलची हे सगळं एकत्र करून दोनदा चाळा. सोडा एका जागी राहिला तर तेवढं एक बिस्कीट कडू लागतं.

तीन. कोरडं पीठ तुपात घालून बोटांच्या टोकांनी मिसळा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे. भुगा होत असेल तर दूध चमचा-चमचा घाला. झाकून अर्धा तास ठेवा. रवा तेवढ्यात ओलावा धरतो आणि तूप पुन्हा घट्ट होतं.

चार. एवढ्यात पातेलं झाकण लावून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापवा.

पाच. सुपारीपेक्षा थोडा मोठा, साधारण चौदा ग्रॅमचा गोळा घ्या. हातात वळून अलगद चपटा करा. तूप लावलेल्या ताटलीत दोन बोटं अंतर सोडून ठेवा, कारण भाजताना बिस्कीट पसरतं. एका वेळी आठ-दहा बसतात. म्हणजे सगळ्याचे तीन घाणे होतात.

सहा. आधी एकच बिस्कीट भाजून बघा. ते फार पसरलं तर गोळ्यात दोन चमचे कणीक घाला किंवा गोळा आणखी गार करा. तडे जाऊन मोडलं तर एक चमचा दूध घाला. खालून काळं आणि वरून पांढरं राहिलं तर आच कमी करा, रिंग उंच घ्या. एक बिस्कीट वाया गेलं तरी सत्तावीस वाचतात.

सात. ताटली आत ठेवा, झाकण लावा, आच मंद करा. अठरा ते बावीस मिनिटं लागतात. पंधरा मिनिटांच्या आधी झाकण उघडू नका. शेवटची पाच मिनिटं झाकण जरा तिरकं ठेवा, म्हणजे आतली वाफ जाईल आणि झाकणाचं पाणी बिस्किटांवर पडणार नाही.

आठ. झालं की नाही कसं ओळखायचं? कडा बदामी झाल्या, खालची बाजू तांबूस झाली की झालं. वरून बोट लावलं तर मऊच लागेल. इथेच पुष्कळ जणी फसतात, मऊ आहे म्हणून आणखी भाजत बसतात आणि मग दगड होतो. गरम असताना तूप आणि गूळ पातळ असतात. गार झाले की तेच घट्ट होऊन बिस्कीट कडक करतात. म्हणून ताटली बाहेर काढा, दहा मिनिटं हात लावू नका, मग एकेक उचलून जाळीवर किंवा सुपात पसरा.

ज्यांच्याकडे विजेचा ओव्हन आहे त्यांनी तो १६० अंशांवर आधी तापवावा आणि पंधरा ते अठरा मिनिटं भाजावं.

खारी हवा आणि डबा

आम्ही तिन्ही बाजूंनी पाण्यात राहतो. पापड, बिस्किटं, फरसाण इथे घटकाभरात मऊ पडतं. गूळ हवेतला ओलावा ओढतो, म्हणून गुळाचं बिस्कीट साखरेच्या बिस्किटापेक्षाही लवकर नरम होतं. त्यावर उपाय डब्याचा.

बिस्किटं पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. कोमट भरली तर वाफेचं पाणी होतं, आणि दोन दिवसांत बुरशी. डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, उन्हात वाळवलेला हवा. तळाला कोरा कागद घाला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई अन्नाला लागते. बिस्किटं एकावर एक न रचता नाण्यांसारखी उभी लावा. होडीत चढता-उतरताना धक्के बसतात, उभी लावलेली मोडत नाहीत. डब्यावर चिठ्ठी चिकटवून केल्याची तारीख लिहा. थंडीत पंधरा दिवस राहतात, पावसाळ्यात आठवडाभरातच संपवा. मऊ पडली तर गरम पातेल्यात पाच मिनिटं ठेवा आणि गार होऊ द्या, पुन्हा कुरकुरीत होतात. खवट वास आला तर मात्र टाकून द्या.

आणि हो, डबा सुकटीच्या फडताळात ठेवू नका. का, ते वर सांगितलंच आहे.

आजारी माणसाला नेताना

आता सगळ्यात महत्त्वाचं. आलं मळमळीवर चांगलं, असं आपण सगळ्या जणी म्हणतो. होडी लागली तर आल्याचा तुकडा दाताखाली धरायची सवय आपल्याकडे आहेच. केमोच्या मळमळीवर आल्याचा उपयोग होतो का, याचेही अभ्यास झालेत, पण त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. म्हणून मैत्रिणीला ‘हे खा, औषधाची गरज नाही’ असं चुकूनही म्हणू नका. डॉक्टरांनी दिलेली उलटीची गोळी वेळेवर घ्यायची, बिस्कीट हा वरचा खाऊ.

नेण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्या असतील तर आलं-सुंठ जास्त खाणं बरं नाही. हे आपण ठरवायचं नसतं, ज्यांच्याकडे तिचे कागद आहेत त्यांनी ठरवायचं असतं.

केमोत पुष्कळांना तोंड येतं. तोंड आलेल्या माणसाला सुंठ झोंबते आणि कुरकुरीत बिस्किटाच्या कडा टोचतात. आमच्या मैत्रिणीला मधल्या काळात तसंच झालं. तेव्हा आम्ही सुंठ काढून टाकली, नुसती वेलची घातली, दूध एक चमचा वाढवलं आणि तीन मिनिटं कमी भाजली. ती मऊ बिस्किटं ती गार दुधात भिजवून चमच्यानं खायची. मऊ बिस्किटात ओलावा राहतो, म्हणून ती थोडी करायची आणि दोन दिवसांत संपवायची. खाऊ ‘आल्याचा’ आहे म्हणून आलं असलंच पाहिजे असं नाही. खाणारीच्या तोंडाला जे चालेल ते करायचं.

स्वच्छतेचं कारण समजून घ्या. केमोत अंगातली रोगाशी लढायची ताकद उतरते. आपल्याला साधी वाटणारी सर्दी तिला जड जाते. म्हणून ज्या बाईला खोकला, ताप किंवा जुलाब आहे तिनं त्या दिवशी गोळे वळायला बसायचं नाही. हाताला जखम असेल तरी नाही. साबणानं हात धुवायचे, नखं कापलेली हवीत. चांगली भाजलेली, कोरडी बिस्किटं त्या मानानं सुरक्षित. त्यांच्यावर कच्चं खोबरं, साय असं काही लावू नका.

मधुमेहाचं एक सांगतो. ‘गुळाची आहेत, साखर नाही, मधुमेहाला चालतात’ असं सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. गुळानंही रक्तातली साखर वाढते, आणि कणकेनंही. मघाशी हिशेब केला तो इथे कामाला येतो: एका बिस्किटात साडेतीन ग्रॅम गूळ आणि सात ग्रॅम पीठ. चार खाल्ली तर चौदा ग्रॅम गूळ आणि अठ्ठावीस ग्रॅम पीठ पोटात गेलं. मैत्रिणीला मधुमेह असेल तर हे आकडे तिच्या डॉक्टरांना सांगा आणि ते म्हणतील तितकीच द्या.

आणि भेटायला गेल्यावर काय बोलायचं? थोडं बोला. कोणाला काय झालं होतं आणि तो कसा गेला, असल्या गोष्टी डब्याबरोबर नेऊ नका. ‘खाल्लंस का, किती खाल्लंस’ असंही मोजू नका. डबा ठेवा, बाजारात काय भाव चाललाय ते सांगा, आणि ती दमली की उठा.

गटाच्या वहीत

शेवटी हिशेबाचं, कारण आम्ही बचत गटाच्या बायका आहोत. डब्याचा खर्च बचतीच्या पैशातून करायचा नाही. बचत सगळ्यांची असते, तिला फक्त ठरल्या कामासाठी हात लावायचा. आम्ही वेगळी वर्गणी ठेवली: कोणी पावशेर कणीक, कोणी वाटीभर गूळ, कोणी तूप. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, घरात रोख पैसा नसतो. त्या दिवसांत जिच्याकडे द्यायला काही नव्हतं ती येऊन भाजायला बसली. तिचा वाटाही तेवढाच धरला.

बैठकीला न आल्याचा दंड आमच्या नियमात आहे. आजारपणाची गैरहजेरी दंडात धरायची नाही, आणि आजारी सभासदाची राहिलेली बचत ती बरी झाल्यावर सोयीनं भरेल, असा ठराव आम्ही सगळ्यांच्या सह्यांनी वहीत लिहिला. एकीसाठी नाही, सगळ्यांसाठी लिहिला. त्यामुळे ते उपकार राहिले नाहीत, नियम झाला. ठराव वाचून दाखवायला आम्ही तिच्या घरी गेलो, तेव्हा पुढची बैठक माझ्या पडवीत घ्या, असं तीच म्हणाली. बैठक तिथे झाली. चहा आम्ही केला, बिस्किटांचा डबा तिनं फिरवला.

तिची औषधं अजून चालू आहेत. तपासणीच्या तारखेला गटातली एक जण पाळीपाळीनं तिच्याबरोबर जाते, आणि पिशवीत छोटा डबा असतोच. इस्पितळात नंबर लागेपर्यंत दोघींना पुरतो.

तुमच्यापैकी काही जणी म्हणतील, एवढं जमलं तर विकूही. जरूर विका. पण विकायला लागलात की अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी करा. पाकिटावर काय काय घातलंय, वजन, केल्याची तारीख आणि किती दिवसांत खायचं ते लिहा. खर्च धरताना तूप-गुळाबरोबर गॅस आणि आपल्या हातांची मजुरीही धरा, ती बायका नेहमी विसरतात.

पण पहिला घाणा विकायचा धरू नका. तुमच्या गावात, तुमच्या गटात अशी कोणी असेल जी दोन-तीन बैठकांना आली नाही आणि का आली नाही ते कोणी विचारलं नाही. पहिला डबा तिच्याकडे न्या. डॉक्टरांना विचारून न्या, तारीख लिहून न्या, आणि डबा परत मागू नका. तो रिकामा करून द्यायला ती आपणहून येईल, तेव्हा तिच्याशी बोलायला वेळ काढा.

येतो आम्ही. नमस्कार.